डावा हात पाठीमागे

मक्याच्या लापशीचा वाडगा व्हर्नेलच्या कपाळावर फुटला, तेव्हा तिच्या म्हाताऱ्या बापाच्या, ओथाच्या लेखी ती मुलगी नव्हतीच, घरात घुसलेली चोर होती. तिने रक्त पुसलं आणि दुसरा वाडगा भरला. बाप विसरला म्हणून लेकीने विसरायचं नसतं, अशा घरात ती वाढली होती. वृद्धाश्रमाचं नावही तिथे कोणी काढत नसे, आणि बापावर तिने कधी हात उगारला नव्हता.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांची दर गुरुवारी बैठक भरे. गोरी मॉरीन तिथे नवऱ्यापायी जीव नकोसा झालाय म्हणून ढसाढसा रडे. व्हर्नेल मात्र म्हणे, "देवाची कृपा आहे." कृपा होतीच, पण बरगड्याही ठणकत होत्या.

त्या गुरुवारी मॉरीनने तिच्या कपाळावरची पट्टी पाहिली. "अंगावर आला की सरळ पोलिसांना बोलव. मी नाही का बोलावलं? कॉफी पिऊन गेले बिचारे."

"तुझ्याकडे कॉफी पितात गं बाई. आम्हा काळ्यांकडे आधी बंदूक काढतात."

मॉरीनला ती थट्टाच वाटली. बाई मनाने चांगली, पण चांगुलपणासोबत अक्कल येतेच असं नाही. शनिवारी ती व्हर्नेलकडे केक घेऊन आली, तर आत किंकाळी आणि फुटणारी भांडी. तिने दारातूनच पोलिसांना फोन लावला.

दोन पोलीस आत घुसले, तेव्हा ओथा बिडाचा तवा उगारून उभा होता. व्हर्नेलच्या फुटलेल्या ओठातून रक्त गळत होतं. बंदुका रोखून ते ओरडले, तवा टाक म्हणून. ओथाला त्यातलं काही उमगेना.

बाप आता मरतो, हे व्हर्नेलला दिसलं. उभा जन्म त्याने चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून सेवा केली होती. तिथले सेवेकरी बोलत नाहीत, हाताच्या खुणांवर चालतात. तिने रक्ताळलेला हात उचलून खूण केली: सेवेला उभे राहा.

ओथाने तवा अलगद खाली ठेवला. ताठ झाला. आणि सेवेकऱ्यांच्या शिरस्त्याप्रमाणे डावा हात पाठीमागे नेला.

"हात! हात दाखव!"

व्हर्नेलने सगळं बळ एकवटून बापाच्या तोंडावर ठोसा हाणला. म्हातारा धाडकन आडवा झाला, दोन्ही रिकामे हात पसरून. दात पडला, खुब्याचं हाड मोडलं. गोळी सुटली नाही.

स्ट्रेचरवर घेताना त्याने डोळे उघडले. कित्येक महिन्यांनी त्याने तिला ओळखलं.

"व्हर्नी, तुझ्या ओठाला काय झालं? कोणी मारलं तुला? नाव सांग त्याचं."

"कोणी नाही, डॅडी," ती म्हणाली. "देवाची कृपा आहे."