सरळ केलेला चेहरा

माझ्या धाकट्या भावाच्या चेहऱ्याचे जे झाले त्याला उत्तरदायी कोण, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस वादपत्राच्या भाषेत मांडून पाहिला. वादी ठरलेला होता. वादाचे कारण ठरलेले होते. प्रतिवादीच्या जागी मात्र मला शेवटपर्यंत नाव लिहिता आले नाही. अमरावतीच्या न्यायालयात उभी हयात वकिली केलेल्या माणसाला हे शोभत नाही. तुंबलेल्या नाल्यांवरून महानगरपालिकेला, बंद केलेल्या बसफेरीवरून आगाराला आणि चुकीच्या बातम्यांवरून संपादकांना ज्याने पत्रे लिहून जेरीस आणले, त्याची लेखणी एका नावापाशी अडावी, हे तर मुळीच शोभत नाही.

भाऊ दर्यापूरजवळ शेती करत असे. लहानपणी एका बिथरलेल्या गोऱ्ह्याने त्याच्या जबड्यावर लाथ मारली. गावातल्या हाड बसवणाऱ्याने ते हाड आपल्या समजुतीप्रमाणे बसवले आणि भावाची हनुवटी कायमची डावीकडे सरकली. तो हसला की ओठांची डावी कड आधी उघडे, उजवी मागून येई. त्यामुळे तो गंभीरपणे बोलत असला तरी थट्टा करतो आहे असे वाटे. आणि बहुतेक वेळा तो थट्टाच करत असे. आम्हा घरच्यांना तो चेहरा वाकडा वाटतच नव्हता. तो त्याचा चेहरा होता.

त्याच डाव्या गालात तो तंबाखू-सुपारीचा खर्रा धरत असे. त्यावरूनही मी त्याला एक सविस्तर पत्र लिहिले होते. ते त्याने पानठेल्यावर मोठ्याने वाचून दाखवले आणि ऐकणाऱ्यांना आपल्याकडून खर्रा खाऊ घातला, असे मला नंतर कळले. गाठ आली ती त्याच गालात. ती वाढत जाऊन तिने हाड पोखरले, उरलेसुरले दातही बहुतेक पडले.

अकोल्याच्या ज्या रुग्णालयात त्याला नेले, तेथील शल्यचिकित्सक आणि अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील मंडळी मिळून त्या काळी एक संशोधन करत होती. रोग्याच्या जबड्याचे सीटी स्कॅन अमरावतीला यायचे. तिथे एक तरुण अभियंता मुलगी संगणकावर त्यातले हाड वेगळे काढायची, गाठीचा भाग किती कापायचा ते आखायची आणि जबड्याच्या निरोगी बाजूचे आरशातल्यासारखे प्रतिबिंब घेऊन रोगट बाजू कशी असायला हवी ते ठरवायची. पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड कुठे आणि किती तिरपे कापले म्हणजे त्या जागी नेमके बसेल, याचा एक प्लास्टिकचा साचा छापला जायचा. अकोल्याचे डॉक्टर तो साचा हाडावर ठेवून त्याच्या खाचेतून करवत चालवायचे. हाताच्या अंदाजाने जे काम दिवसभर चालले असते ते निम्म्या वेळात आणि अधिक अचूक होते, असे मला समजावण्यात आले. मी ते तपासून पाहिले. त्यात काही खोटे नव्हते.

संमतिपत्र मी स्वतः वाचले. दोन कलमांची भाषा संदिग्ध होती, ती बदलून घेतली. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, माहितीची गोपनीयता, संशोधनातून केव्हाही बाहेर पडण्याचा अधिकार, सगळ्याची तरतूद होती. भावाने मात्र एकच गोष्ट विचारली.

“दादा, भाकर खाता येईन नं मले?”

मी तो प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी सांगितले की हा सारा खटाटोप त्याचसाठी आहे. त्या उत्तरावर भावाने अंगठ्याला शाई लावण्याची नक्कल केली आणि मग नीट सही केली.

शस्त्रक्रिया पार पडली. जखम भरली, पायाचे हाड जबड्यात रुजले, कापलेल्या गाठीच्या कडांत रोग उरलेला आढळला नाही. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी त्याच्या हाती आरसा दिला. हनुवटी नाकाच्या बरोबर खाली आली होती. दोन्ही गाल सारखे होते. तो बराच वेळ पाहत राहिला, आणि नव्याने बोलायला शिकणाऱ्या जिभेने सावकाश म्हणाला, “दादा, हा कोनता पाव्हना आनला घरात? येवढा देखना तर मी लग्नातही नोतो.” डॉक्टर हसले. आम्हीही हसलो. ती थट्टा होती की तक्रार, हे ज्या ओठांवरून आम्हाला कळायचे ते ओठ आता दोन्हीकडून एकदम उघडत होते.

पुढचे मला पुतण्याने सांगितले. घरी जाण्यासाठी ते दोघे दर्यापूरच्या स्टँडवर जीपमध्ये बसले. जीपवाला ओळखीचा, त्याच्या लग्नात भावानेच पंगत वाढलेली. त्याने भावाकडे पाहून अदबीने विचारले, “कोन्त्या गावाले जाच, काका?” भावाने गावाचे नाव सांगितले. तिथे कोणाकडे, असे जीपवाल्याने पुन्हा विचारले. भावाने आपलेच नाव सांगितले. त्यावर जीपवाला म्हणाला की तो माणूस तर मोठ्या ऑपरेशनसाठी अकोल्याला आहे, भेट होणार नाही. पुतण्याला वाटले, बाबा आता हसतील. ते खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढून गाव येईपर्यंत तसेच बसले.

आणि भाकर खाता येईना. पन्नासहून अधिक वर्षे वाकड्या जबड्याची सवय झालेला कानाजवळचा सांधा सरळ जबड्याला जुमानत नव्हता. तोंड मिटताना हाड एकीकडे ओढे आणि कळ डोक्यात जाई. खालच्या-वरच्या हिरड्या जिथे एकमेकींवर यायला हव्या तिथे येत नव्हत्या. कवळी बसवण्याचे प्रयत्न फसले. ज्वारीच्या कण्या, पातळ वरण, दुधात कुस्करून विरघळवलेली पोळी, यावर तो राहू लागला. घरच्या पंगतीत बसेना. आधी सगळ्यांचे होऊ द्या म्हणे, आणि मग भिंतीकडे तोंड करून वाटी संपवी.

अशा वेळी त्या संशोधकांनी एका परिषदेत आपले काम मांडल्याचे मला समजले. त्यात भावाची दोन छायाचित्रे होती, डोळ्यांवर काळी पट्टी असलेली, एक आधीचे आणि एक नंतरचे. खाली लिहिले होते की चेहऱ्याची सममिती पूर्णपणे पुनःप्रस्थापित करण्यात आली. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी दोन्ही संस्थांना पत्र धाडले. जे मुळात अस्तित्वातच नव्हते ते ‘पुनःप्रस्थापित’ कसे होते, असा माझा पहिला प्रश्न होता, आणि पुढचे प्रश्न त्याहून कडक होते. प्रत्येक पत्राची प्रत मी पुतण्याकडे पाठवत असे. तो संध्याकाळी ती घरात वाचून दाखवी. आपल्या वतीने कोणीतरी भांडते आहे, एवढा आधार त्या घराला त्यातून मिळावा, ही माझी इच्छा होती.

त्यांनी मला अमरावतीच्या प्रयोगशाळेत बोलावले. डॉक्टर अकोल्याहून मुद्दाम आले. मी नोटिशीचा मसुदा बरोबर नेला होता. मूळ पुरावा खाटेवर पडलेला असताना तुम्ही अंदाजाने चाललात कसे, असे मी विचारले. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. स्कॅनमध्ये हनुवटी सरकलेली त्यांना दिसली होती. ती गाठीने सरकवली की जुन्या दुखापतीने, हे ठरवता येत नव्हते, कारण तो भागच गाठीने खाल्ला होता.

“मी त्यांना विचारलं होतं, साहेब,” डॉक्टर म्हणाले. “तुमचं तोंड आधीपासून असंच आहे का? ते म्हणाले, ‘आता हात लावलाच तर चांगलं सरळ करून टाका.’ तोंड सुजलेलं होतं. ते थट्टा करताहेत हे मला कळलं नाही.”

भाऊ तसेच म्हणाला असणार, यात मला शंका नव्हती.

म्हणून मग डॉक्टरांनी पुतण्याकडे समोरून काढलेला एखादा जुना फोटो मागितला होता. अभियंता मुलीने तो पडद्यावर आणला. मी तो ओळखला. पुतणीच्या लग्नात परतवाड्याच्या फोटोवाल्याने काढलेला, भावाच्या घरी बैठकीच्या भिंतीवर लावलेला. त्या फोटोवाल्याने आपल्या संगणकावर साऱ्या कुटुंबाला गोरे केले होते, सुरकुत्या पुसल्या होत्या आणि वधूपित्याचा जबडा सरळ करून दिला होता. लग्नाच्या फोटोंचे आमच्याकडे असेच असते. त्यात कोणाला काही फसवणूक वाटत नाही. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना फोटो दाखवायचा तर शेतात काढलेला, दाढी वाढलेला कोण देईल? पाहुण्याला ठेवणीतले ताट द्यावे तसा घरच्यांनी भिंतीवरचा फोटो दिला.

“काका, आम्ही या फोटोवर आमचा जबडा ठेवून पाहिला,” ती मुलगी मान खाली घालून म्हणाली. “तंतोतंत बसला. त्या दिवशी आम्हांला फार आनंद झाला होता.”

एका संगणकाने सरळ केलेला चेहरा दुसऱ्या संगणकाने साक्षीला घेतला, आणि दोघांची साक्ष जुळली. माझ्या भावाला दोघांपैकी कोणीच पाहिले नव्हते. माझा संताप तेव्हाही ओसरला नाही. फक्त त्याला जायला वाट उरली नाही. फोटोवाल्यावर दावा लावू? त्याने सांगितलेले काम केले. डॉक्टरांवर? त्यांनी विचारले होते, शंका आली म्हणून फोटोही मागितला होता. आणि नोटीस पुढे रेटली तर त्यांचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील की तो फोटो कोणी निवडून दिला. पुतण्याने मोबाइलवर तो पाठवला खरा, पण भिंतीवरून उतरवून, पदराने काच पुसून त्याच्या हाती दिला तो त्याच्या आईने, माझ्या भावसुनेने. हे पुतण्यानेच मला पूर्वी कौतुकाने सांगितले होते.

संशोधकांनी परिषदेत मांडलेल्या आपल्या लेखाला जोडायचे शुद्धिपत्र मला दाखवले. त्यात वाक्य होते की कुटुंबीयांनी पुरवलेले छायाचित्र संपादित असल्याने नियोजनात त्रुटी राहिली. मी ते वाक्य खोडले. डॉक्टरांचे म्हणणे असे की ते वस्तुस्थितीला धरून आहे. मी म्हणालो की वस्तुस्थितीला धरून असलेली कितीतरी वाक्ये मी आयुष्यभर खोडायला लावली आहेत. पुष्कळ वाद होऊन शेवटी वाक्य ठरले ते असे: रुग्णाच्या मूळ चेहऱ्याची नियोजनापूर्वी पुरेशी खातरजमा करण्यात आली नाही. नोटिशीचा मसुदा मी परत आणला. त्या दिवसापासून मी त्या संस्थांना पत्र लिहिले नाही, आणि घरी त्याविषयी काही बोललो नाही.

त्यांनी स्वतः होऊन दुसऱ्या शस्त्रक्रियेचा प्रस्ताव ठेवला. या खेपेस ती मुलगी दर्यापूरला येऊन भावाच्या घरी दिवसभर बसली. मोबाइलमधले लग्नाकार्यांचे व्हिडिओ पाहिले, त्यात तो जेवताना, बोलताना, कोणावर तरी ओरडताना सापडला. तिने पुन्हा आखणी केली आणि त्याचा जुना, वाकडा जबडा छापून त्याच्या हाती दिला. त्याने तो उलटसुलट फिरवला. “हा माहा,” तो म्हणाला. मग तिच्याकडे पाहून, “पोरी, येवढी शिकली, अन् वाकडं करायले बसली.” ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी तो पंगतीत बसला. कण्याच खाल्ल्या, पण भिंतीकडे तोंड केले नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या नव्या स्कॅनमध्ये मानेत आणि छातीत गाठी दिसल्या. डॉक्टरांनी अकोल्याहून फोन केला तो मला. आता कापण्यात अर्थ नाही, एवढेच ते सांगू शकले. भावाला सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्याने ऐकून घेतले आणि जीभ चालेल तोवर भावसुनेला हे सांगून त्रास देऊ नका, असे काहीसे म्हणाला. मला ते नीट कळले नाही, आणि पुन्हा विचारण्याचा धीर झाला नाही. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. त्याला चितेवर ठेवताना हनुवटी नाकाच्या बरोबर खाली होती. गावातले कोणीतरी मागे हळूच म्हणाले की ओळखूच येत नाही.

तेरवी झाल्यावर मंडळी पांगली. मी ओसरीवर बसलो होतो. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचे तर मुलाच्या तोंडून सांगते, नाहीतर दाराआडून कोणालाही न उद्देशता बोलते. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज पुष्कळ ऐकला होता. माझ्यासाठी असा कधी ऐकला नव्हता. ती दारातून बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण नजर माझ्याकडे होती.

“भाऊजी, भितीवरचा तो फोटो मीनं काढून देल्ला होता. त्याच्यानंच झालं नं?”

मी म्हणालो, “नाही. फोटो मागणाऱ्याने तो तपासून घ्यायचा असतो. देणाऱ्यावर ती जबाबदारी येत नाही.” हे कायद्याने बरोबर होते, आणि मी ते ठाम आवाजात म्हटले.



“मंग तुमी पत्रं लिहिनं काऊन बंद केलं?”

मी अंगणाकडे पाहत राहिलो. उलटतपासणीत असा प्रश्न आला की साक्षीदाराच्या गप्प बसण्याची नोंद करून घ्यावी लागते. तिने ती घेतली असावी. ती आत गेली.

थोड्या वेळाने पुतण्या चहा घेऊन आला. “आई म्हनते, साखर कमी टाकली हाये,” तो म्हणाला. मी कप घेतला.