अण्णा आणि खांबांची टकटक

फ्रेंच रखवालदार असा ओरडत होता की चर्चच्या छपरावरची कबुतरं उडाली ती थेट बेल्जियमात जाऊन बसली असणार. कारण आमचे अण्णा. वेदीमागच्या उंच खांबाला कान लावून ते गाडीच्या किल्लीने टकटक करत होते.

"अण्णा, हात काढा. आत टाकतील."

"थांब रे, ऐकू दे."

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हयातभर नाशकात लग्नाचे मांडव सजवले. प्लास्टरचे, फायबरचे खांब. ग्रीक म्हणा, रोमन म्हणा, एका रात्रीत उभे. माझ्या लग्नात सासऱ्यांनी भर पंगतीत एक खांब बोटाने वाजवला आणि म्हणाले, "व्याहीबुवा, हे तर पोकळ." झालं. तेव्हापासून अण्णांनी जगातला एकही खांब न वाजवता सोडलेला नाही. आमच्याकडे नेदरलँड्सला आले, तर स्लोटरडाइक स्टेशनचे सगळे वाजवून झाले. तेवढ्यात माझ्या तीन गाड्या गेल्या. शेवटी वैतागून म्हटलं, फ्रान्समध्ये एक जुनं चर्च आहे, पुढे खांबांची रांगच रांग. खरा दगड कसा असतो ते एकदाचं बघा आणि हा नाद सोडा.

आमच्या गावाहून, नीउ-व्हेनेपहून, निघालो तेव्हा माझी दाढी गुळगुळीत होती. अँटवर्पच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडेपर्यंत मी साधू झालो होतो. चर्चबाहेरचे खांब अण्णांनी एकेक करून वाजवले. सगळे दगड. त्यांचा चेहरा पडला. मला जरा वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, सुटलो. तर हे आत शिरले.

"हा खांब बोलतोय बघ," अण्णा कुजबुजले. "विचार त्या रखवालदाराला, पोकळ आहे का."

"मी नाही विचारणार. तो आपल्याला खाईल."

मग ते सोबत आलेल्या माझ्या लेकीकडे वळले. ती नेदरलँड्सच्या शाळेत फ्रेंच शिकते. "विचार ना गं बाळा. देवाच्या घरातला आहे, खोटं नाही सांगणार तो."

तिने विचारलं. रखवालदार ओरडायचा थांबला, त्याने अण्णांकडे पाहिलं आणि तो दोनच वाक्यं बोलला.

"काय म्हणाला?"

"हो म्हणाला. आत नुसता लाकडी सांगाडा, वरून प्लास्टर," लेक म्हणाली. "म्हणूनच हात लावू नका."