डॉक्टरांनी सांगितलेला राणी रंग

इमारतीत सगळे त्यांना लाईनबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. एक्स्चेंजच्या जागी आता फर्निचरचं दुकान आलं, पण लाईनबाईंचा आवाज होता तसाच राहिला: गोड, थंड आणि सरकारी. त्या आवाजात त्या जिन्यातून नुसतं ‘आज पाणी उशिरा येणार आहे’ म्हणाल्या, की नळ धो धो वाहत असला तरी लोक उशिराची वाट बघत बसत.

आणि थापा मारायची त्यांना जन्मजात हौस. कुणाचं वाटोळं करणाऱ्या थापा नव्हेत, उगीच आपल्या जिभेला चाळा म्हणून. नवरा होता तेव्हा तो थाप अर्ध्यावर असतानाच ओळखायचा आणि पेपराआड तोंड लपवून हसायचा. तो गेल्यापासून घरात ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा सदा फिरतीवर, आणि सून हिशेबनीस, तिला सगळं खरंच वाटायचं. दाद द्यायलाच कुणी नाही म्हटल्यावर लाईनबाई जरा मोकाट सुटल्या होत्या.

तर या लाईनबाईंना साखर निघाली. साखरेचे डॉक्टर म्हणजे सदा काळजीत असलेला माणूस. त्यांनी बाईंचे पाय हातात घेतले, एक जाड दोऱ्यासारखं काहीतरी बोटांना टोचून बघितलं आणि विचारलं, “कळतंय?”

“काय कळतंय?”

“तेच म्हणतोय मी,” डॉक्टर म्हणाले. “आता तुमच्या पायांना टोचलेलं कळत नाही. म्हणून रोज सकाळी डोळ्यांनी बघायचं. तळवे आरशात बघायचे. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. टाचांना क्रीम लावायचं, बेचक्यांत नाही. आणि घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही.”

“रोज बघायचं?”

“रोज.”

“अहो डॉक्टर, अख्ख्या संसारात माझ्या नवऱ्यानं नाही हो बघितले.”

डॉक्टर हसले नाहीत. ते कधीच हसत नसत.

घरी येऊन लाईनबाईंनी दोन दिवस इमानेइतबारे पाय बघितले. बघण्यासारखं काय होतं त्यांत? अंगठ्याचा सांधा भिंतीला पोक यावा तसा बाहेर आलेला, नखं पिवळी आणि जाड, टाचांना अशा भेगा की चादरीचे दोरे अडकावेत. स्वतःचेच पाय, पण एखाद्या न आवडणाऱ्या नातेवाइकाकडे बघावं तसं वाटायचं. तिसऱ्या दिवशी आरसा परत बेसिनवर गेला.

“आई, पाय बघितले का?” सुनेनं विचारलं.

“बघितले की.”

“आरसा तर बाथरूममध्ये टांगलाय.”

“आठवणीतून बघितले.”

सून हिशेबनीस असली तरी एवढी भोळी नव्हती. शिवाय बाईंना आता वाकून नखं कापवत नव्हती, हेही तिच्या लक्षात आलं होतं. गुडघे मध्ये येत, पोट मध्ये येई, आणि चष्मा लावला की नख दिसे पण हात पोचत नसे. पुढच्या रविवारी तिनं सासूबाईंना रिक्षात घातलं आणि थेट पार्लरपुढे उतरवलं.

पार्लरवाली चांगली ऐसपैस बाई होती. तिनं पहिला प्रश्न विचारला, “साखर आहे का?” आहे म्हटल्यावर टाचा तासायचं पातं खणात गेलं. टबातल्या पाण्यात तिनं आधी स्वतःचं कोपर बुडवून बघितलं आणि मगच बाईंचे पाय आत घेतले, तेही थोडाच वेळ. मग वजरीनं टाचा हलक्या हातानं घासायला लागली. बोटांना काही कळत नसलं तरी तळव्याची मधली कमान अजून शाबूत होती. लाईनबाई अशा खिंकाळल्या, की शेजारच्या खुर्चीतल्या बाईची भुवई कोरताना दुसऱ्या मुलीचा दोरा तुटला.

“हलू नका हो काकू,” पार्लरवाली म्हणाली. “नख सरळ कापायचंय. कोपऱ्यात खणलं की मांसात शिरतं ते.”

पाय पुसून, बेचक्या एकेक करून टिपून झाल्या आणि रंगांचा ट्रे पुढे आला. पार्लरवालीनं न विचारता एक बाटली उचलली. “हा बदामी घ्या. तुमच्या वयाला शोभेल.”

“दिसेल का तो?”

“नाही ना! तेच तर. लावलाय असं कळतसुद्धा नाही.”

“मग लावायचा कशाला?” लाईनबाईंनी ट्रे स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.

त्यांनी करंगळीला अबोली लावायला लावला. करंगळी आजारी दिसायला लागली. दुसऱ्या बोटाला मोरपंखी लावला, तर बोट दारात चेंगरल्यासारखं वाटलं. तिसऱ्यावर तपकिरी लावल्यावर चपलेत चिखल गेलाय असं सुनेचं मत पडलं. सगळं पुसून झालं. मग पार्लरवालीनं कंटाळून अंगठ्यावर राणी रंगाचा एक फटकारा मारला, आणि सून खुर्ची ओढून जवळ आली. एवढा थोराड, वाकडा अंगठा, पण घरात पाहुणे यायचेत म्हणून नटून बसल्यासारखा दिसत होता.

“छानच दिसतोय,” सून म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. “पण आई, आत्याबाई काय म्हणतील?”

आत्याबाई म्हणजे लाईनबाईंची थोरली नणंद. तळमजल्यावर एकट्या राहत. आयुष्यभर मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या आणि दार उघडं टाकून जिन्याकडे तोंड करून बसायची सवय तिथूनच लागलेली. मुलींच्या ट्रंकांमधून त्यांनी एवढ्या नेलपॉलिशच्या बाटल्या जप्त केल्या होत्या, की त्यांतून एखादं दुकान उभं राहिलं असतं.

सुनेचा प्रश्न ऐकून लाईनबाईंनी अंगठा एकदा हलवून बघितला. मग पार्लरवालीकडे वळून म्हणाल्या, “दोन हात मार.”

व्हायचं तेच झालं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय पडतोय तोच उघड्या दारातून आवाज आला, “अगं, पायाला काय झालं? रक्त येतंय की काय?”

“नाही वन्सं, रंग आहे.”

वन्सं उठून दारात आल्या. चष्मा खाली, वर, पुन्हा खाली झाला. “या वयात?”

लाईनबाईंना खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडला तो एक्स्चेंजमधला आवाज. “डॉक्टरांनी लावायला सांगितलाय.”

“कशासाठी?”

“रक्ताभिसरणासाठी.”

“आणि हाच रंग?”

“लाल घराण्यातलाच हवा म्हणाले. रक्ताला रक्ताची ओढ असते ना.”

मागे उभी असलेली सून खोकायला लागली. वन्सं मात्र गंभीर झाल्या. साखर त्यांनाही होती, डॉक्टरही तेच. “मला बरं नाही सांगितलं त्यांनी,” त्या पुटपुटल्या आणि दार लावून घेतलं. भर दिवसा ते दार बंद झालेलं इमारतीत कुणी बघितलं नव्हतं.

दोन दिवसांनी पार्लरवालीचा सुनेला फोन आला. तुमच्या आत्याबाई आल्यात, म्हणतात औषधाचा रंग द्या, हौसेचा नको. काय देऊ?

वन्संच्या पायांवर राणी रंग चढल्यावर बाकीच्यांना कसला धीर निघतोय? रेक्टरबाईंनी लावलाय म्हणजे ते औषधच असणार, यात कुणाला शंका राहिली नाही. पहिल्या मजल्यावरची शिवणवाली, गच्चीवरच्या खोलीतली पेन्शनर नर्स, समोरच्या दारातल्या मायलेकी, ज्यांना साखर होती त्यांनी साखरेसाठी लावला आणि ज्यांना नव्हती त्यांनी ती होऊ नये म्हणून लावला. पार्लरवालीनं बाटलीवर कागद चिकटवला: डॉक्टरी राणी.

एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे स्टिअरिंगकाका, पूर्वी ट्रक चालवायचे ते, लाईनबाईंच्या दारात येऊन चुळबुळत उभे राहिले. “वहिनी, ते डॉक्टरांचं… पुरुषांना कुठला सांगितलाय?”

लाईनबाईंनी डोळा लवू दिला नाही. “पुरुषांना पारदर्शक.”

काकांचा चेहरा उजळला. “बरं झालं. मी घाबरलोच होतो.”

सुनेनं त्या रात्री सासूबाईंना समोर बसवलं. “आई, हे आता थांबवा. कुणाला काही झालं म्हणजे?”

“नखाला रंग लावून काय होणार आहे गं?” बाई म्हणाल्या खऱ्या, पण झोप जरा उशिराच लागली. थाप आवरायची कशी, हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. ते काम नवरा करायचा.

आणि एका सकाळी वन्संची हाक आली. अशी हाक, की लाईनबाई एका पायात सपात आणि दुसऱ्यात सुनेची चप्पल घालून खाली धावल्या. वन्सं पलंगावर बसल्या होत्या, हातात आरसा आणि चेहरा पांढरा. टाचेत एक पिन रुतलेली होती, भिंतीवर कॅलेंडर टाचायची. डोक्यापर्यंत आत गेलेली.

“मला कळलंच नाही गं,” वन्सं म्हणाल्या. “काहीच कळलं नाही. मी आपली नखं मागच्या बाजूनं कशी दिसतात ते बघत होते…”

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. लाईनबाईंनीही ऐकलं नाही असं दाखवलं. दोघी तडक दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी पिन काढली, जखम धुतली, इंजेक्शन दिलं. वेळेवर आलात म्हणाले. आठवडाभर तशाच चालल्या असत्या तर काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं आणि दोघींनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

उठताना वन्सं म्हणाल्या, “तुमच्या औषधामुळे वाचले हो डॉक्टर.”

“कुठलं औषध?”

“हे,” वन्संनी पाय पुढे केला. “तुम्ही सांगितलेलं. रोज बघते मी. दोनदा बघते.”

डॉक्टरांनी पायाकडे बघितलं. मग लाईनबाईंच्या पायांकडे. लाईनबाई भिंतीवरच्या यकृताच्या चित्राकडे मोठ्या आस्थेनं बघत होत्या.

“तुम्ही जरा थांबा,” डॉक्टर लाईनबाईंना म्हणाले.

वन्सं बाहेर गेल्या आणि दार लागलं. “अच्छा, म्हणजे त्या तुम्ही!” डॉक्टर म्हणाले. “परवा एक ट्रकवाले आले होते. पारदर्शक दिवसातून किती वेळा लावू, विचारत होते. मला वाटलं उन्हाचा परिणाम असेल.”

लाईनबाईंनी तोंड उघडलं. एक्स्चेंजचा आवाज आलाच नाही, साधा म्हातारीचा आला. “चुकलं माझं. जिभेला हाड नाही डॉक्टर.”

डॉक्टर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. “मी इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगतोय, रोज पाय बघा. कुणी बघत नाही. आणि तुमच्या इमारतीतले सगळे बघतायत.” त्यांना हे सांगताना त्रास होत होता. “पण रंगाखाली नख काळं पडलं तर मला दिसणार कसं? तपासणीला याल तेव्हा पुसून यायचं, सगळ्यांनी. आणि मधून मधून नखं काही दिवस मोकळी ठेवायची. रंगानं साखर उतरत नाही, गोळ्या चालू ठेवायच्या. हे तुम्ही सांगा त्यांना. त्याच आवाजात. आणि तुमच्या नणंदेला खरं काय ते सांगून टाका.”

पहिलं काम सोपं होतं. त्या संध्याकाळी लाईनबाईंनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं आणि कुणी एक शंका विचारली नाही. दुसऱ्या कामासाठी त्या वन्संपुढे जाऊन बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“वन्सं, तो रंग डॉक्टरांनी सांगितला नव्हता. मी थाप मारली.”

वन्संनी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. “कशाला त्यांना पाठीशी घालतेस?”

“कुणाला?”

“डॉक्टरांना. आधी रंग सांगायचा आणि मग मागे फिरायचं. या लोकांचं असंच असतं. वसतिगृहातही एक यायचे, आज अंडी खा, उद्या नको.”

“अहो वन्सं, खरंच मी…”

“हे बघ,” वन्सं म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात रेक्टरबाई उभी राहिली. “ते औषध नसेल तर मला आत्ता पुसायला लागेल. माझ्यासारख्या बाईनं हौस म्हणून असले रंग लावावेत का?”

लाईनबाईंनी वन्संकडे बघितलं. वन्संची नजर अगदी सरळ होती, पण पाय पलंगाखाली सरकले होते, कुणीतरी जप्त करील अशा धास्तीनं.

“नाही,” लाईनबाई सावकाश म्हणाल्या. “तुम्ही कशाला हौस कराल!”

“मग झालं तर. औषध म्हणजे औषध.”

टाचेची जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, दोघी नणंदा-भावजया पार्लरमध्ये शेजारी शेजारी बसल्या. दोघींची नखं आठवडाभर मोकळी ठेवलेली होती. पार्लरवालीनं पाय टिपले आणि डॉक्टरी राणीची बाटली उघडायला घेतली.

“थांब गं,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी मान वळवून लाईनबाईंकडे बघितलं. “तुझे डॉक्टर मोरपंखीबद्दल काही बोललेत का?”

लाईनबाईंनी घसा साफ केला.