पावसातली काकवी

बिदरकडच्या चिंताकी गावच्या शिवारात सावित्रम्माचं गुऱ्हाळ आहे. उसाचा रस काढणारा चरक, जमिनीत बांधलेलं चुलवाण, त्यावर भलीमोठी लोखंडी काहील आणि डोक्यावर पत्रे, एवढाच संसार. दिवाळी सरली की चुलवाण पेटतं आणि उन्हं तापेपर्यंत चालतं. ज्याचा ऊस, त्याचा गूळ. सावित्रम्माच्या घरचे तो करून देतात.

पाक बघून गूळ उतरवणारा गुळव्या म्हणजे तिचे मालक, विरुपाक्षप्पा. उकळता पाक कोणत्या क्षणी उतरवायचा, हे त्यांना नुसत्या वासावरून कळायचं. दोन वर्षांमागं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. बिदरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा भावकीतले म्हणाले, "आता चरक विकून टाका. मंजुनाथला कुठं जमतंय?" मंजुनाथ हा त्यांचा मुलगा. तो चरक चालवायचा, जाळ घालायचा. पाकाचं मात्र त्याला काही कळत नव्हतं.

सावित्रम्मानं कुणाशी वाद घातला नाही. दिवाळीनंतर तिनं चुलवाणाची पूजा केली, काहिलीजवळ बाज टाकली आणि मालकांना तिच्यावर बसवलं. पदर खोचून ती स्वतः काहिलीपुढं उभी राहिली. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि मालकांच्या डाव्या तळहातावर ठेवायची. ते दाबून बघायचे. मान हलली की काहील उतरायची. पहिल्या दोन काहिली करपल्या. तिसरीपासून हात बसला. अंथरुणात भिंतीकडं तोंड करून पडणारा माणूस पुन्हा सकाळी अंघोळ करून "चल" अशी खूण करायला लागला, तेव्हा तिला वाटलं, गूळ कसाही होवो, आपल्याला मिळायचं ते मिळालं.

यंदा थंडी चांगली पडली होती. गूळ पिवळाधमक उतरत होता. वेळ अमावस्या, रानात पंगत मांडायचा सण, चार दिवसांवर आली आणि राजपालच्या उसाची पाळी लागली. राजपाल शेजारच्या रानाचा. बुद्धविहाराशेजारी त्याचं घर. त्याचा सगळा ऊस तोडून आला होता, निम्म्याचा रस काहिलीत पडला होता, आणि ऐन दुपारी आभाळ काळं झालं.

पाऊस एकदम आला. वाळत घातलेली चिपाडं, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, हेच चुलवाणाचं जळण. मंजुनाथनं ताडपत्री ओढेपर्यंत सगळं भिजलं. ओल्या चिपाडांचा नुसता धूर व्हायला लागला. काहिलीतला रस कोमटच राहिला. असा रस फार वेळ टिकत नाही, आंबतो.

राजपाल डोक्यावर पोतं घेऊन धावत आला. सावित्रम्मा धुरानं लाल झालेले डोळे पुसत म्हणाली, "राजपाल, तुझा वर्षाचा गूळ माझ्या हातून नासायलाय रे."

"असं कामून म्हणायल्या अक्का? पाऊस काय तुमी पाडलाव?" तो तसाच मागं फिरला.

थोड्या वेळानं त्याचा ट्रॅक्टर चिखलातून घरघरत आला. ट्रॉलीत प्लास्टिकच्या कागदाखाली तुरीच्या वाळक्या काड्या खच्चून भरलेल्या. वर त्याची बायको राजश्री, काड्या भिजू नयेत म्हणून कागद दोन्ही हातांनी दाबून बसलेली.

"अगं, ह्या तर तुझ्या चुलीच्या!" सावित्रम्मा म्हणाली.

"घरात गॅस हाय की, अक्का. घाला जाळ."

तुरीची काडी भडाभडा पेटली. ते बघून शेजारची बसम्मा डोक्यावर काड्यांचा भारा घेऊन आली, मग गावातल्या महादेवप्पांची जळणानं भरलेली बैलगाडी आली. काहील उकळायला लागली. बायकांनी रसावर आलेली मळी काढली. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका, की एकमेकांना ओरडून बोलावं लागत होतं.

पाक दाटला. सावित्रम्मानं गोळी वळून मालकांच्या हातावर ठेवली. त्यांनी दाबली, मान हलवली नाही. दुसरी ठेवली. ती बोटांना चिकटून राहिली. ओल्या हवेत गूळ बसणार नव्हता; ढेप बांधली तरी दोन दिवसांत पाझरली असती. विरुपाक्षप्पांनी ओठ हलवले, थांबले, पुन्हा हलवले. "का...क...वी."

सावित्रम्मा राजपालकडं वळली. "मालक म्हणायलेत, पातळच उतरवू, काकवी करू. पण ऊस तुझा हाय. तू सांग."

राजपाल काहिलीत वाकून बघायला लागला. घरात वर्षभर गूळच लागतो, पाव्हण्यारावळ्यांना ढेपा द्यायच्या असतात. राजश्रीच पुढं झाली. "काकवीला काय झालंय? भाकरीसंगं माझी पोरं गूळ सोडून तीच खात्यात. उतरवा अक्का."

राजपाल हसला. "व्हय, उतरवा."

काकवी उतरली, मधाच्या रंगाची. कळश्या, घागरी, तेलाचे धुतलेले डबे, ज्याला जे सापडलं ते घेऊन लोक आले. उरलेल्या उसाचीही दुसऱ्या दिवशी त्याच काड्यांवर काकवीच झाली.

वेळ अमावस्येला आभाळ निवळलं. या धांदलीत सावित्रम्माच्या घरी सणाची काहीच तयारी झाली नव्हती. तिनं पहाटे उठून भाज्या-कडधान्यांची भज्जी शिजवली, बाजरीच्या पिठाचे उंडे केले, ताकातल्या आंबिलीचं मडकं भरलं आणि जळण देणाऱ्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन आवतण दिलं. दुपारी रानात पंगत बसली. राजश्री बाजेवरच्या विरुपाक्षप्पांना वाढत होती. त्यांनी डाव्या हातानं उंडा काकवीत बुडवून खाल्ला आणि वाटी पुढं केली. राजश्रीनं ती भरून दिली.

सावित्रम्माला बोलायचं होतं, पण लोकांपुढं बोलायची तिला सवय नव्हती. तिनं नमस्काराला हात जोडले. मग म्हणाली, "शरणु. माझ्या चुलीला तुमी जाळ दिलाव. दुसरं काय बोलू?"

"दुसरं काय न्हाई," बसम्मा ओरडली, "अजून आंबील आण!"

सगळे हसले. सावित्रम्मा मडकं उचलायला वाकली.