अर्धा राहिलेला प्रयोग

तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला चेटकीण म्हटलं गेलं, तेव्हा तुम्ही कोणत्या बाकावर बसला होतात? आणि तिथं बसून काय केलंत?

मी सातवीत होते. रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं. जिकडे तिकडे रस्ते खोदलेले, आणि भोपाळहून बदली होऊन आलेल्या अफसरांच्या गाड्या शंकर नगरात धूळ उडवत. त्यातल्याच एका अफसराची मुलगी आमच्या वर्गात आली आणि तोवर माझा असलेला पहिला नंबर तिनं नेला. ती मला ‘पर्चेवाली’ म्हणायची. खोटं नव्हतं ते. बाबा उरला या कारखान्यांच्या भागात रोलिंग मिलमध्ये कामाला होते आणि सुटीच्या दिवशी पाऱ्यापाऱ्यांत, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यांत, अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटायचे, लोकांसमोर ‘चमत्कार’ करून दाखवायचे. मी वाचायला शिकले तीच त्या पत्रकांवर.

“आधी लोकायले चकित कर, मंग समजाव,” बाबा म्हणायचे. “अन् जो जास्त हासते, त्यालेच समोर बोलाव.”

शाळेच्या विज्ञान मेळ्यात मी तसंच केलं. चाकूच्या पात्याला जास्वंदीच्या पाकळ्या चोळून ते वाळवून ठेवलं होतं. लिंबाचा रस लागला की तो रंग लालभडक होतो. एवढंच गुपित.

“क्यों पर्चेवाली, कबूतर भी निकालेगी?” ती ओरडली. वर्ग हसला. मी तिलाच समोर बोलावलं, लिंबू ठेवलेली बशी तिच्या हातात दिली, आणि मंत्र म्हणून ओठांतल्या ओठांत तेराचा पाढा म्हणत लिंबू कापलं. बशीत लाल ओघळ आला. ती किंचाळली. बशी फुटली, लाल शिंतोडे तिच्या पांढऱ्या शर्टावर उडाले. बारकी पोरं रडायला लागली.

“बंद करो ये सब!” म्हणत मोठ्या मॅडमनी माइक काढून घेतला.

समजावून सांगायचा भाग घशातच राहिला. लोकांनी चमत्कार तेवढा पाहिला.

आठवडाभरात तिला कावीळ झाली. त्या दिवसांत कावीळ घरोघरी होती. रस्ते खोदताना नळ फुटले होते आणि नालीचं पाणी नळात शिरत होतं. पण वर्गाला कारण आधीच सापडलं होतं. “नींबू काटा था ना, उसके नाम का!” मग तो शब्द आला, टोनही. छत्तीसगडात चेटकिणीला टोनही म्हणतात, आणि गावांत त्या एका शब्दावरून बायांना मारतात. माझ्या बाकावर माझ्याशेजारी कुणी बसेना. मी पाणी प्यायल्यावर मुली नळ धुऊन घ्यायच्या.

“काहून रडून राहिली?” बाबा म्हणाले. “उद्या फूल घेऊन जा. सगळ्यायच्या समोर पुन्हा काप.”

मी गेले. हातातलं लिंबू पाहताच वर्गाचं दार आतून लागलं. “भाग, फिर काटेगी!” ज्यांना समजवायचं तेच जवळ येईनात, तर प्रयोग कुणाला दाखवणार? आता फक्त त्या अफसराच्या मुलीच्याच बोलण्यानं काही झालं असतं. मी तिची वाट पाहू लागले.

ती परतली तेव्हा वाळली होती, गळ्यात ताईत होता. नळापाशी आम्ही दोघीच असताना ती हळूच म्हणाली, “मुझे मालूम है, फूल का रंग था. किताब में पढ़ा मैंने.”

“तो सबको बोल ना.”

“मम्मी ने तुझसे बात करने को मना किया है.”

“मुझसे मत कर. उनसे कर.”

तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, “हव.” आमच्याकडचा ‘हो’. आमच्यात राहूनच शिकली होती.

त्याच दिवशी वर्गात सरांनी तिला हसत विचारलं, “और बेटा, ये नींबू-वींबू का क्या चक्कर है?”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“पता नहीं, सर,” ती म्हणाली आणि खाली बसली.

आजारपणात तिचे काही पेपर बुडाले होते, त्यामुळे त्या वर्षी मी पहिली आले. निकाल वाचला तेव्हा एकही टाळी वाजली नाही. आईनं मला त्या शाळेतून काढलं. बाबा पत्रकं वाटत राहिले, पण त्यांच्या पिशवीत पुन्हा लिंबू दिसलं नाही.

ज्यांनी मला टोनही म्हटलं, त्यांना ते खरंच वाटत होतं. त्यांच्यावरचा माझा राग केव्हाच विझला. तिला मात्र ठाऊक होतं. बारा वर्षांची मुलगी, घरच्यांना भिणारी, हे सगळं मला कळतं. तरी ते “पता नहीं” अजून दुखतं.

तुम्ही बारा वर्षांचे नाही. तुमच्या गल्लीत, ऑफिसात, नात्यात एखाद्या बाईबद्दल असं बोललं जात असेल, आणि ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर तिला एकटीला गाठून कानात सांगू नका. तिला ते आधीच ठाऊक आहे. सगळे जमलेले असताना उभे राहा आणि मोठ्यानं सांगा.