आईच्या गळ्यावरचा तीळ

नसरीन काल दुपारी गेली. तिचा गळा अजून माझ्या भिंतीवर आहे.

मला वेड लागलेलं नाही. पुढे वाचा.

माझी आई भूकंपात गेली. घर गेलं, ट्रंका गेल्या, फोटो गेले. उरला एक, मामाकडचा, लग्नातला ग्रुप फोटो. त्यात आई मागच्या रांगेत. चेहरा हरभऱ्याएवढा.

पुढे लातुरात कोचिंगचं पेव फुटलं. फॉर्मला फोटो, हॉल तिकिटाला फोटो. त्या कमाईवर आमच्या गल्लीतल्या स्टुडिओत कॉम्प्युटर आला. मी तो ग्रुप फोटो नेऊन दिला, आणि आठवड्याने आई घरी आली. मोठी. आकाशी साडी, मान ताठ.

आई आयुष्यात कधी अशी ताठ मानेने बसली नव्हती. पण चेहरा तिचाच होता. मी रोज हार घालत राहिले.

मग शिरूर अनंतपाळला एका मैत्रिणीकडे बारशाला गेले. भिंतीवर तिची सासू. आकाशी साडी. मान ताठ. गळ्याच्या खळगीत, जरा डावीकडे, तीळ.

असेल, म्हटलं.

महिन्याभराने मुदखेडला, जुन्या ऑफिसातल्या एकीच्या घरी, भिंतीवर तिची वारलेली आजी.
तीच साडी. तोच तीळ.

घरी आले, चष्मा लावला, स्टुलावर चढले.

आईच्या गळ्यावर तीळ होता.

कॉन्व्हेंटात सिस्टरांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती. तक्रार करायची ती समोर उभं राहून. फ्रेम उतरवली आणि भर दुपारी स्टुडिओ गाठला. बाहेर पोरांची रांग. आत मॉनिटरमागे नसरीन, स्टुडिओवाल्या मामूंची भाची. पस्तिशीची असेल. ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली.

"माझ्या आईला तीळ नव्हता. हा कुणाचा गळा चिकटवलात?"

ती फ्रेमकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काढायचा हाय का तीळ?"

"मग काय आरती ओवाळू त्याची?"

"तर मग तुम्हीच काढा, मॅडम. मी शिकवते. बसा आधी. उभ्यानं माउस धरता येत न्हाई."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर म्हणून रिटायर झालेली बाई मी. मला कुणी असं बसवलं नव्हतं. बसले.

स्क्रीनवर डावीकडे हत्यारं. उजवीकडे लेअर. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा, आणि प्रत्येक काचेपुढे एक बारीकसा डोळा.

"डोळा मिटला की काच दिसत न्हाई. पण ऱ्हाते तिथंच."

पहिल्या दिवशी मी सगळेच डोळे मिटले. स्क्रीनवर नुसत्या करड्या-पांढऱ्या चौकटी.

"या अल्ला! सगळ्यालाच मारलं की मॅडम तुम्ही!"

अशी हसली की बाहेरची पोरं आत डोकावली.

शिक्क्याचं हत्यार तिने दुसऱ्या दिवशी दिलं. शेजारची चांगली कातडी उचलायची, डागावर ठेवायची. आणि रोज एकच बजावणं. "कशालाबी हात लावायच्या आधी नक्कल करा. असल सांभाळून ठेवा."

रोज मी विसरायचे.

पाचव्या दिवशी ती आत जेवायला गेली होती. मी आईची फाइल उघडली. गळा मोठा केला. शिक्का उचलला, क्लिक. तीळ गेला. सेव्ह केलं. नक्कल न करताच.

मग गंमत म्हणून आईच्या चेहऱ्याचा डोळा मिटला.

आईचा चेहरा गेला. खाली, त्याच मानेवर, दुसरा चेहरा होता. विशीतली मुलगी. टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघणारी.

डोळा उघडला, आई. मिटला, ती.

मान जराही हलत नव्हती.

मागे वळले तर दारात नसरीन. जेवताना ओढणी सैल झालेली. गळ्याच्या खळगीत तीळ.

"मीच हाय ती," ती म्हणाली. "भूकंपानंतर लोकं नुसती मुंडकी घेऊन येत होते, मॅडम. ग्रुप फोटोतली. धड कुठून आणायचं? मामूनं मला शेजारच्या काकूची साडी नेसवली, बसवलं. म्हणले, मान ताठ. फोटो काढला. पुढं त्योच कॉम्प्युटरमधी घातला. तवापासून बसून राहिले मी."

"आधी सांगायला काय झालं होतं?" माझा आवाज चढलाच.

"सांगितलं असतं, तर आईला भिंतीवर ठिवलं असतं का?"

तिने फाइल पेन ड्राइव्हवर दिली. मी तीळ नसलेली आई छापून घेतली आणि घरी आले.

त्याला काही वर्षं झाली. काल संध्याकाळी तिच्या धाकट्या बहिणीचा, परवीनचा फोन आला.

"दुपारी दीदी गेली, मॅडम. तिचा एकबी फोटो न्हाई. आधारवर तर भूत दिसते. आमच्यात हार घालत न्हाईत, भिंतीवर बी लावत न्हाईत. मला फक्त बघायची हाय."

जन्मभर दुसऱ्यांचे फोटो करणारी बाई, आणि तिचाच फोटो नाही.

फाइल उघडली. आईचा डोळा मिटला. मुलगी समोर. गळा स्वच्छ, मी पुसलेला. बहिणीला काय पाठवणार होते? माझी चूक?

लेअरची पट्टी खाली सरकवली. अगदी तळाशी एक काच होती, मी कधी न पाहिलेली. कुलूप लावलेली. डोळा मिटलेला. नाव दिलं होतं, असल.

मला माउस द्यायच्या आधीच तिने नक्कल करून ठेवली होती. मी विसरणार, हे तिला ठाऊक होतं.

वरचे सगळे डोळे मिटले. तो एक उघडला.

तीळ होता.

परवीनला पाठवला. तिचं उत्तर आलं, "हीच. हीच हाय."

आज सकाळी आईचा चेहरा त्या असलवर ठेवून फोटो पुन्हा छापून आणला. तिळासकट. हार घातला, आणि हात तिथेच थांबला. ज्या घरात फोटोला हार घालत नाहीत, त्या घरातल्या मुलीच्या गळ्यात दोन जिल्ह्यांत रोज हार पडतोय. इतकी वर्षं.

तुमच्या भिंतीवर आकाशी साडीतली कुणी असेल, तर गळ्याची खळगी बघा. तीळ दिसला तर तिचं नाव नसरीन.

खबरदार, पुसाल तर.

नसरीन, आता मान खाली घे. दमली असशील.