डिकीवरचं भलतं भोक

पुसदच्या कितीतरी बायांना गाडी शिकवणाऱ्या सुरभीनं स्वतःसाठी जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली. अंगणात मागचा पंखासारखा स्पॉयलर बसवायला तिनं डिकीवर मापानं खुणा केल्या आणि पाणी प्यायला ती आत गेली. तेवढ्यात थोरल्या भावानं, अक्षयनं, ड्रिल उचलून भलत्याच जागी भोक पाडलं.

"तुले कोनं सांगतलं होतं?" ती कडाडली.

"बायांचं काम हाय का हे? मदत करून राह्यलो."

सुरभीच्या अंगाची लाही लाही झाली. ड्रिल हिसकावून तिनं आपल्या खुणांवर भोकं पाडली आणि गाडीचा पक्का गोंद लावून, स्क्रू पिळून स्पॉयलर बसवला.

"आता धर दाबून. गोंद सुकेपर्यंत हात काढू नको."

अक्षय स्पॉयलर दाबून उन्हात उभा राहिला. स्पॉयलर पक्का बसला, पण ते भलतं भोक बुजवायला डिकी पुन्हा रंगवावी लागणार होती. सुरभी त्या दिवशी त्याच्याशी बोललीच नाही.